काचेच्या धाग्याचे कान

पर्लकोटा नदीला पूर येऊन पुलावरून पाणी गेले की भामरागडचा रस्ता बंद होतो. अनेक पावसाळ्यांत हे घडलेले आहे. त्याच वेळी रस्त्याकडेची प्रकाशतंतूंची केबलही तुटली तर? तिच्यावर अवलंबून असलेले मोबाइलचे मनोरे मुके होतात, बँकेचे व्यवहार थांबतात, रास्त भाव दुकानातले अंगठ्याचे यंत्र चालत नाही. दुरुस्तीची गाडी तर पलीकडच्या काठावर अडकलेली.

१९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला बहुतांश भाग जंगलाचा. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचे ठरले. एखाद्या वीज केंद्राच्या आवारात कुंपण घालता येते, पहारेकरी ठेवता येतो. जंगलातल्या केबलवर पहारा कोण ठेवणार? याचे उत्तर गमतीदार आहे : ती केबल स्वतःच.

आधी तुटलेली जागा कशी सापडते ते पाहू. प्रकाशतंतू म्हणजे केसाइतका बारीक, अतिशुद्ध काचेचा धागा. पण काच कितीही शुद्ध केली तरी तिच्या घनतेत सूक्ष्म चढउतार राहतातच. त्यांच्यामुळे प्रकाशाचा अगदी अल्प अंश सर्व दिशांना विखुरतो. आकाश निळे का दिसते हे शिकवताना आपण रॅलेचे विकिरण सांगतो, तेच इथे काचेत घडते. विखुरलेल्या प्रकाशापैकी थोडासा उलट फिरून सुरुवातीच्या टोकाकडे परत येतो.

प्रकाशाचा एक छोटा स्पंद धाग्यात सोडायचा आणि परत येणारा प्रकाश वेळ लावून मोजत राहायचा. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्याने प्रकाशाचा वेग तिथे सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर भरतो. म्हणजे एका मायक्रोसेकंदात २०० मीटर. जाऊन-येऊन धरले तर १०० मीटर अंतर. परतीचा प्रकाश २४० मायक्रोसेकंदांनंतर एकदम नाहीसा झाला, तर धागा २४ किलोमीटरवर तुटला. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोली काढावी, तसाच हा प्रकार. बार्नोस्की आणि जेन्सन यांनी १९७६ साली ही पद्धत मांडली, आणि आज दुरुस्ती पथकाकडे असे यंत्र असतेच.

मात्र ते २४ किलोमीटर धाग्याचे असतात, रस्त्याचे नव्हेत. केबलमध्ये धागा किंचित सैल ठेवलेला असतो आणि जोडापाशी पुढच्या दुरुस्तीसाठी केबलची वेटोळी ठेवतात. त्यामुळे धाग्याचे अंतर आणि मैलाचा दगड यांत शेकडो मीटरची तफावत पडू शकते. भर पावसात, जंगलात, तेवढी जमीन उकरून पाहणे म्हणजे काय, हे ज्याने कुदळ धरली आहे त्याला विचारावे!

परंतु हे झाले केबल तुटल्यावरचे. कुदळ अजून वर उचललेलीच आहे, तेव्हा कळेल का? त्यासाठी एक प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. लेसर टॉर्चचा ठिपका खरखरीत पुठ्ठ्यावर पाडा. (डोळ्यांत कधीही नाही, आणि आरशावरही नाही.) ठिपका रवाळ दिसेल. पुठ्ठा जरासा दाबा, रवे हलतात. पृष्ठभागावरच्या असंख्य उंचवट्यांकडून आलेल्या लहरी कुठे एकमेकींत मिळून वाढतात, कुठे एकमेकींना मारतात. उंचवटे तरंगलांबीच्या अंशाइतके सरकले तरी हा हिशेब बदलतो.

धाग्यात हेच घडते. शुद्ध लेसरचा स्पंद सोडला की प्रत्येक दहा मीटरच्या तुकड्यातून एक ठरावीक 'रवाळ' प्रतिसाद येतो. धागा स्थिर असेपर्यंत तो बदलत नाही. जमिनीवर पाऊल पडले, कुदळ आपटली, जेसीबीचा दात रुतला, की मातीतून कंपन पोचते, धागा नॅनोमीटरच्या मापाने ताणला जातो आणि नेमका त्या तुकड्याचा प्रतिसाद हलतो. केबलमधला एखादा मोकळा धागा आणि टोकाला एक यंत्र एवढे पुरते. वाटेत वीज नको, उपकरण नको.

आता आकडे पाहा. ४० किलोमीटरचा धागा म्हणजे दहा मीटरचे ४,००० तुकडे. स्पंदाला जाऊन यायला ४०० मायक्रोसेकंद लागतात. तो परतल्याशिवाय दुसरा सोडता येत नाही. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २,५०० स्पंद, आणि म्हणून सुमारे १,२५० हर्ट्झपर्यंतचीच कंपने टिपता येतात. कुदळीसाठी ते पुष्कळ झाले. पण दर सेकंदाला एक कोटी मोजमापे जमा होतात, ती संगणकाने चाळायची.

खरी अडचण इथे सुरू होते. चंद्रपूरच्या खुल्या कोळसा खाणींत सुरुंग उडतात, कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. वरोरा-भद्रावतीकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि केबलभोवतीची पकड सुटते; पावसाळ्यात तीच माती घट्ट बसते. एकच घाव मे महिन्यात वेगळा 'ऐकू' येतो, ऑगस्टमध्ये वेगळा. खडकाळ भागात केबल मुळात उथळ पुरलेली. रानडुकरे उकरतात ती निराळीच. सुरुंगाचा मात्र एक उपयोग आहे : त्याची वेळ आणि जागा ठाऊक असते, म्हणून कोणता तुकडा बहिरा झाला आहे ते त्याच्यावरून तपासता येते. धागा आणि रस्ता यांचा मेळही असाच घालतात. माहीत असलेल्या मोरीपाशी जमिनीवर घण मारायचा आणि कोणता तुकडा हलला ते लिहून ठेवायचे.

कंपनांतून हवे ते वेगळे काढता येते, हे ईशान्य सीमा रेल्वेच्या अलिपूरद्वार विभागात २०२२ पासून दिसले आहे. तिथे रुळांलगतच्या प्रकाशतंतूवरून हत्तींची चाहूल घेऊन गाडीला सावध करतात. २०२१ साली छत्तीसगडमधून रानहत्ती गडचिरोलीत आले, तेव्हा हा विषय आपल्यालाही परका राहिलेला नाही.

तरीही यंत्राच्या घंटेवर किती विसंबावे? समजा एक तुकडा हजार दिवसांत एकदाच चुकतो. यंत्र उत्तम म्हणायचे. पण तुकडे ४,००० आहेत, म्हणजे रोज चार खोट्या घंटा. खरे खोदकाम महिन्यातून एकदा होत असेल, तर एका खऱ्या घंटेमागे १२० खोट्या! महिनाभरात पहारेकरी उठायचेच सोडतो. शिवाय यंत्र 'कुठे' आणि 'काय' सांगते, 'कोण' सांगत नाही. तेंदूपाने तोडायला पहाटे निघालेली माणसे आणि कंदमुळे खणणारी बाई त्या धाग्यावरूनच जातात. प्रत्येक घंटेला संशयिताच्या मागे धावणारी व्यवस्था या जिल्ह्यांत मला तरी नको वाटते.

शिवाय केबल तोडणारा बहुतेक वेळा चोर नसतोच. प्रकाशतंतूत तांबे नाही, विकायला काही नाही. रस्तारुंदीकरणाचा, पाण्याच्या नळाचा चर खणणारा जेसीबी हा नेहमीचा आरोपी. त्यासाठीच २०२३ मध्ये केंद्र सरकारने खोदण्याआधी केबलमालकाला कळवण्याचे एक मोबाइल अॅप सुरू केले. कंत्राटदाराने आदल्या दिवशी कळवले, तर लाइनमन तिथे जाऊन चुन्याने केबलची रेघ आखून देतो, आणि नियंत्रण कक्षातला माणूस त्या दोनशे मीटरची घंटा ओळखीची म्हणून वहीत नोंदवतो.