मूल होत नाही – तपासणी कोणाची?

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की बोट उठते ते सुनेकडे. तिचे दवाखाने होतात, नवससायास होतात. कुठे कुठे दुसऱ्या लग्नाचीही बोलणी निघतात. मुलाला मात्र डॉक्टरकडे कोणी नेत नाही. वास्तविक अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या प्रकृतीचाही वाटा असतो. त्यात वारंवार आढळणारा विकार म्हणजे व्हेरिकोसील.

हा आहे तरी काय? वृषणांतले रक्त वर नेणाऱ्या शिरांना झडपा असतात. त्या नीट मिटल्या नाहीत, की रक्त खाली साचते आणि शिरा फुगून त्यांची वेटोळी होतात. बहुधा हे डावीकडे घडते. कारण तिकडची शीर लांब असून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. शुक्रजंतू तयार होण्यास शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. साचलेल्या रक्ताने तिथली ऊब वाढते. मग शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल मंदावते.

शंभर पुरुषांत सुमारे १५ जणांना हा विकार असतो, आणि त्यांतल्या पुष्कळांना मुलेबाळे होतात. तेव्हा कोणी खचून जाऊ नये. पण ज्यांना मूल होत नाही, अशा पुरुषांत हे प्रमाण ३५ ते ४० पर्यंत जाते.

उभे राहिले की जडपणा वाटतो, आडवे झाले की उतार पडतो. हाताला गांडुळांच्या गुंतवळ्यासारखे लागते. पुष्कळांना तर काहीच जाणवत नाही. गाठ अचानक आली, किंवा निजूनही उतरली नाही, तर पोटाचीही तपासणी करून घ्यावी.

यावर लेप-काढ्यांचा उपयोग नाही. १९५५ साली एडिंबरोच्या टुलॉक या शल्यचिकित्सकाने शस्त्रक्रियेनंतर वीर्य सुधारल्याचे दाखवले. आज सूक्ष्मदर्शकाखाली लहानशी चीर देऊन फुगलेल्या शिरा बांधतात. मात्र शिरा हाताला लागत असतील आणि वीर्यतपासणीत दोष असेल, तरच मूल व्हावे म्हणून ही शस्त्रक्रिया करतात. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून फेरतपासणी तीन महिन्यांनी. गुण पुष्कळांना येतो, सर्वांना नव्हे.

शिक्षकबंधूंनो, हा विकार बहुधा वयात येताना सुरू होतो. मुले लाजून बोलत नाहीत. त्यांना एवढे सांगा, की यात लाजण्यासारखे काही नाही. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, वीर्यतपासणी स्वस्त आणि बिनवेदनेची आहे. सुनेला दहा ठिकाणी फिरवण्याआधी ती एकदा करून घ्या.