केंब्रिजच्या सभागृहात डी.एन.ए.

प्रयोगशाळेत कोणता प्रयोग व्हावा आणि कोणता होऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार गावच्या नगरपरिषदेला असावा काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज या गावी १९७६ साली तो खरोखरच उभा राहिला. गावाची वस्ती जेमतेम लाखभर. पण हार्वर्ड विद्यापीठ आणि एम.आय.टी. या दोन्ही संस्था तेथेच आहेत. आपले हरगोविंद खुराना त्या वर्षी याच एम.आय.टी.त कृत्रिम जनुकावर काम करीत होते.

वादाचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. डी.एन.ए.चा लांबलचक रेणू ठराविक जागी कापणारी विकरे १९७० च्या सुमारास हाती आली. दुसऱ्या एका विकराने हे तुकडे पुन्हा जोडताही येतात. त्यामुळे एका प्राण्याचे जनुक काढून ते जिवाणूच्या डी.एन.ए.त बसविणे शक्य झाले. यासाठी निवडलेला जिवाणू म्हणजे एश्चेरिशिया कोलाय. तो वाढवायला सोपा; अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. पण याचेच भाऊबंद तुमच्या-आमच्या आतड्यात राहतात! कर्करोगाशी संबंध असलेल्या विषाणूचे जनुक बाळगणारा जिवाणू प्रयोगशाळेतून निसटला आणि माणसाच्या आतड्यात घर करून बसला, तर?

ही शंका प्रथम काढली ती शास्त्रज्ञांनीच. पॉल बर्ग यांनी आपला अशा प्रकारचा एक प्रयोग स्वतःहून थांबविला. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲसिलोमार येथे परिषद भरली आणि खबरदारीचा विचार झाला. पुढे सरकारी नियमांत प्रयोगशाळांच्या चार पायऱ्या ठरल्या. तिसऱ्या पायरीच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात; म्हणजे दार उघडले तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. अशी एक खोली हार्वर्डला बांधावयाची होती. पण ज्या जुन्या इमारतीत ती व्हायची, तेथे मुंग्यांचा सुळसुळाट होता. हवा अडविता येईल, मुंगीचे काय?

महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी २३ जून १९७६ रोजी नगरपरिषदेत जाहीर सुनावणी ठेवली. (हार्वर्डशी त्यांचे जुने वाकडे होते, हेही सांगितले पाहिजे.) सभागृह गच्च भरले. महापौरांनी शास्त्रज्ञांना आरंभीच बजावले, की आद्याक्षरांची भाषा येथे चालणार नाही. आम्ही साधी माणसे आहोत, आम्हांला कळेल असे फोड करून सांगा. मला हा त्या सभेतील सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. हार्वर्डचे मार्क टाश्ने प्रयोगांच्या बाजूने बोलले. नोबेल पारितोषिक विजेते जॉर्ज वॉल्ड आणि जीवशास्त्रज्ञ रूथ हबर्ड हेही हार्वर्डचेच. पण ते विरोधात होते. तज्ज्ञच एकमेकांशी असहमत असतील, तर नागरिकाने विश्वास कोणावर ठेवावा?

जुलैमध्ये नगरपरिषदेने असे प्रयोग तीन महिने थांबविण्यास सांगितले (ही मुदत पुढे वाढली) आणि आठ नागरिकांचे मंडळ नेमले. त्यात परिचारिका होती, जोगीण होती, इमारतींचा अभियंता होता, डॉक्टर होता. अध्यक्ष तेलाच्या धंद्यातले. रेणुजीवशास्त्रज्ञ मात्र एकही नव्हता! मंडळींनी आठवड्यामागून आठवडे बसून साक्षी ऐकल्या, प्रयोगशाळा पाहिल्या, दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना कोर्टात उभे करावे तसे समोरासमोर उभे करून प्रश्न विचारले.

त्यांना समजून घ्याव्या लागलेल्या गोष्टींपैकी एक फार मजेची आहे. रॉय कर्टिस यांनी एश्चेरिशिया कोलायचा मुद्दाम दुबळा केलेला प्रकार तयार केला होता. त्याला वाढीसाठी डायअमायनोपायमेलिक आम्ल बाहेरून द्यावे लागते. ते आपल्या शरीरात तयार होत नाही. ते मिळाले नाही तर जिवाणूला आपली पेशीभित्तिका बांधता येत नाही आणि पेशी फुटते. म्हणजे कुलूप खोलीला लावले होते तसेच जिवाणूच्या पोटातही!

जानेवारी १९७७ मध्ये मंडळाने एकमताने अहवाल दिला: प्रयोगांना परवानगी द्यावी, परंतु सरकारी नियमांहून कडक अटींवर. काम करणाऱ्यांना प्रशिक्षण हवे. वापरावयाचे जिवाणू शुद्ध आहेत काय आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देतात काय, हे तपासले पाहिजे. सुरक्षा समितीत प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांचाही प्रतिनिधी हवा. ही शेवटची अट मला विशेष आवडते, कारण सांडलेली काचपट्टी पुसतो तो तंत्रज्ञच. फेब्रुवारीत नगरपरिषदेने त्याचा कायदा केला. अमेरिकेतील गावाने केलेला असा हा पहिलाच.

ज्या साथीची भीती होती ती आजवर आलेली नाही. उलट याच तंत्राने जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन बनवून घेता आले आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. कायद्यामुळे केंब्रिजमधून संशोधन पळून जाईल, असे भाकीत अनेकांनी केले होते. १९८१ मध्ये तेथील नियम खाजगी कंपन्यांनाही लागू झाले. पुढल्याच वर्षी बायोजेन ही कंपनी त्या गावात आली, आणि तिच्यामागून इतर कितीतरी.