चेकर्सचा निकाल : कोणी चुकले नाही, तर बरोबरी

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. चेकर्सच्या डावात दोन्ही खेळाडूंनी एकही चूक केली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो, असा तो निष्कर्ष होता. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या कामाला अठरा वर्षे लागली.

ब्रिटनमध्ये 'ड्राफ्ट्स' या नावाने ओळखला जाणारा हा खेळ चौसष्ट घरांच्या पटावर खेळतात. त्यातील केवळ बत्तीस काळी घरे उपयोगात येतात. प्रत्येकाकडे बारा सोंगट्या. सोंगटी तिरकी, एक घर पुढे सरकते. समोर प्रतिस्पर्ध्याची सोंगटी आणि तिच्यामागचे घर मोकळे असेल, तर उडी घेऊन ती मारता येते. किंबहुना मारावीच लागते. या सक्तीतच खेळाची खुमारी आहे. आपली एक सोंगटी मुद्दाम पुढे करून प्रतिस्पर्ध्याला नको त्या घरात ओढायचे आणि मग त्याच्या दोन-तीन सोंगट्या एकाच चालीत टिपायच्या, हा येथील नेहमीचा डावपेच. पलीकडच्या अखेरच्या ओळीत पोहोचलेली सोंगटी राजा होते आणि तिला मागेही फिरता येते. नियम थोडे असल्याने चेकर्सला बुद्धिबळाचा धाकटा भाऊ समजतात. हे फारसे न्याय्य नाही. या पटावर संभवणाऱ्या स्थितींची संख्या ५ या आकड्यापुढे २० शून्ये लिहावीत एवढी आहे.

शेफर यांच्या 'चिनूक' या संगणक प्रणालीपुढे मुख्य अडसर होता तो मॅरियन टिन्सले यांचा. फ्लोरिडातील गणिताचे हे प्राध्यापक चेकर्सचे जगज्जेते होते आणि १९५० नंतर त्यांनी गमावलेले डाव दहाच्या आत होते. १९९० मध्ये चिनूकशी झालेल्या एका प्रदर्शनी डावात यंत्राने दहावी चाल करताच, 'याचा पश्चात्ताप होईल,' असे त्यांनी शेफर यांना सांगितले. यंत्राला तेव्हा आपली बाजू वरचढ दिसत होती. पुढे तो डाव टिन्सले यांनीच जिंकला.

१९९२ मध्ये लंडन येथे दोघांत जागतिक अजिंक्यपदाचा सामना झाला. टिन्सले यांनी ४ डाव जिंकले, २ गमावले आणि ३३ बरोबरीत सुटले. १९९४ मध्ये बोस्टन येथे ते पुन्हा समोरासमोर आले. पहिले सहाही डाव बरोबरीत सुटल्यावर प्रकृती बिघडल्याने टिन्सले यांनी माघार घेतली आणि अजिंक्यपद चिनूककडे गेले. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि एप्रिल १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. यंत्र विजेते ठरले. पण पटावर त्याने टिन्सले यांच्यावर मात केली नव्हती. हा सल शेफर यांच्या मनात राहिला आणि खेळच सोडवण्याच्या ध्येयामागे तोही होता.

संशोधकांनी काम शेवटाकडून आरंभिले. पटावर दहा किंवा त्याहून कमी सोंगट्या उरलेल्या सुमारे ३९ लाख कोटी स्थितींपैकी प्रत्येकीचा निकाल संगणकाने निश्चित केला. मग डावाच्या आरंभापासून पुढे जात या संग्रहापर्यंत पोहोचायचे. येथे सर्व स्थिती तपासणे आवश्यक नसते. प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चाल विचारात घ्यावी लागते. आपल्याकडून मात्र तिला एकच पुरेसे उत्तर सापडले तरी भागते. त्यामुळे त्या अवाढव्य संख्येचा अत्यल्प भागच पाहावा लागला. तरीही काही काळ दोनशेच्या आसपास संगणक एकाच वेळी या कामास जुंपलेले होते.

अपुऱ्या राहिलेल्या सामन्याचे उत्तर यातून मिळाले का? यंत्र आता हरणार नाही, एवढे सिद्ध झाले. परंतु न चुकणाऱ्या खेळाडूला तेही हरवू शकत नाही, हेही त्याच सिद्धतेने सांगितले आणि टिन्सले क्वचितच चुकत.

अव्वल खेळाडूंमध्ये बरोबरीचे प्रमाण फार असते, हे चेकर्सच्या जाणकारांना गणिती सिद्धतेच्या कितीतरी आधी ठाऊक होते. म्हणूनच मोठ्या स्पर्धांमध्ये पहिल्या तीन चाली चिठ्ठी काढून ठरवण्याची प्रथा पडली. एका बाजूला त्यात अडचणीची सुरुवात पदरी पडते, म्हणून त्याच सुरुवातीचा दुसरा डाव बाजू बदलून खेळवतात. २००७ ची सिद्धता मूळ मांडणीपुरती आहे. चिठ्ठीतून निघणाऱ्या या सर्व सुरुवातींचा निकाल तिच्यात नाही.