खडकाळ वाट आणि धावती जीप

जीपगाडी म्हटली की दऱ्याखोऱ्यांतून गुरगुरत जाणारी, आत बसलेल्यांची हाडे खिळखिळी करणारी गाडी डोळ्यांसमोर उभी राहते. महिंद्र कंपनीने विलीज जीप भारतीय रस्त्यांवर आणली ती १९४७ साली. तिच्या चारही चाकांवर पोलादी पाट्यांच्या कमानी होत्या. दणकट, पण कडक. २०२० सालच्या नव्या ‘थार’मध्ये मागच्या चाकांवरही पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. तरीही घरातले हौशी चिरंजीव विचारतातच, “बाबा, हीच गाडी खडकाळ वाटेवरून अधिक वेगाने नेता येईल का?”

नेता येईल. परंतु त्याआधी धक्क्याचे शास्त्र समजून घेतले पाहिजे.

गंमत अशी की, स्प्रिंग धक्का नाहीसा करीत नाही. ती तो उसना घेते आणि लगेच परत करते. धक्का खरोखर जिरवतो तो शॉकअॅब्सॉर्बर. तेलाने भरलेली नळी, तिच्यात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोके, एवढाच हा कारखाना! चाक वर उडाले की तेल त्या भोकांतून रेटले जाते आणि धक्क्याची शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. आता त्याच उंचवट्यावरून दुप्पट वेगाने गेलो, तर चाकही दुप्पट वेगाने वर फेकले जाते. तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि दट्ट्याला काही विरोधच उरत नाही. गाडी मग होडीसारखी डुलू लागते.

हा धडा जगाने गिरवला तो मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. १९६७ साली तिहुआनापासून ला पाझपर्यंत सुमारे साडेआठशे मैलांची पहिली शर्यत झाली. ती जिंकणारी ‘मायर्स मँक्स’ ही फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर फायबर-काचेचे अंग चढवलेली चिमुकली गाडी! तिला २७ तास ३८ मिनिटे लागली. गाडी हलकी असेल तर धक्केही हलके, हे तिने दाखवून दिले. पुढे शर्यतवाल्यांनी एकेका चाकाला अनेक शॉकअॅब्सॉर्बर लावले, नळ्या जाड केल्या, शेजारी तेलाची निराळी टाकी जोडली आणि तेलावर नायट्रोजन वायूचा दाब ठेवून फेसाचा बंदोबस्त केला. आज तेथील मोठ्या शर्यती ट्रकांची चाके दोन फुटांहून अधिक वरखाली होतात. चाकाला हलायला जागा मिळाली, की गाडीचे अंग स्थिर राहते.

आपल्या गाडीला एवढा खटाटोप नको. पहिला उपाय जवळजवळ फुकटचा आहे: कच्च्या वाटेवर टायरातील हवा थोडी कमी करावी आणि डांबरी रस्त्याला लागताच पुन्हा भरावी. दुसरा उपाय म्हणजे वायुदाबाचे चांगले शॉकअॅब्सॉर्बर. तिसरा, गाडीवरील नेहमीच्या ओझ्याला साजेशा स्प्रिंगा. स्प्रिंग बदलून शॉकअॅब्सॉर्बर जुनाच ठेवणे म्हणजे घोडा नवा आणि लगाम कुजका! गाडी पार खाली दबते तेव्हा लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तेथले रबरी ठोकळेही तपासावेत. टायर मात्र हौसेखातर फार जड घेऊ नयेत; चाक जितके जड, तितके ते आवरणे कठीण.

गाडी उंच करण्याचा मोह मात्र आवरावा. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांवर बंधन घालते. तेव्हा काम काढण्यापूर्वी आर. टी. ओ. आणि विमा कंपनी या दोन्ही ठिकाणी विचारणा केलेली बरी.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चांगल्या शॉकअॅब्सॉर्बरमुळे वेग जाणवेनासा होतो. पण ब्रेकला तो जाणवतोच. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते, आणि सैल खडीवर तर त्याहूनही अधिक. जुनी जीप पाठीत गुद्दे घालून चालकाला सावध करीत असे. नवी गाडी तो इशारा देत नाही. वळणापलीकडे गुरे असतील, शाळेतून परतणारी मुले असतील. म्हणून धक्के जिरवण्याची ही सारी करामत मागे बसलेल्या आजीच्या कमरेसाठी आणि गाडी ताब्यात राहण्यासाठी करावी. वेग किती ठेवायचा, हे मात्र पुढे वाट जितकी दिसते तिच्यावरूनच ठरवावे.