भाजणीचं बिल आहे का?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं, तेव्हा विमानतळांवर साचलेले बॅगांचे ढीग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. ४८ तासांत बॅगा शोधून घरपोच करा, असं सरकारला सांगावं लागलं. त्या आठवड्यात मला जो तो एकच सांगत होता, 'आपण इन्शुरन्स काढलाय ना, मग झालं!'

झालं काय, ते पॉलिसी उघडल्यावर कळतं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, तो दवाखान्याचा. तुमच्या बॅगेचं त्या व्हिसावाल्यांना काही पडलेलं नसतं. आणि एजंटने पाठवलेली पीडीएफ आपणही उघडत नाही.

उघडली तर दिसेल की बऱ्याच पॉलिसींत चेक-इन केलेली बॅग पूर्णपणे हरवली तरच पैसे मिळतात. चाक तुटलं, चेन उसवली, तर विमान कंपनीशी भांडा. एका बॅगेला एकूण रकमेच्या निम्मे आणि एका वस्तूला दहा टक्के, अशीही मर्यादा अनेकदा असते. म्हणजे ५०० डॉलरच्या कव्हरमध्ये पैठणी कितीही भारी असो, ती ५० डॉलरचीच. दागिने, रोकड, कॅमेरा, लॅपटॉप बहुतेक ठिकाणी मोजतच नाहीत. माझ्या मते बॅगेचं कव्हर म्हणजे ताटातलं लोणचं. जेवण दवाखान्याच्या कव्हरचं.

आमची मावशी लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघाली. बॅगेत डिंकाचे लाडू, दोन किलो भाजणी, सुंठ आणि बाळंतविडा. नेवार्कच्या पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या, हिची नाही. तिचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, 'मावशी, कागद घेतलास का?' जावई म्हणत होता, आधी घरी जाऊ, मेल टाकू नंतर. मी त्याला तिथूनच मागे वळवलं.

तो कागद म्हणजे पीआयआर, सामानाच्या तक्रारीची नोंद. वर विमानतळाची तीन अक्षरं, मग कंपनीचा कोड, मग पाच आकडे. बॅगेचा शोध त्याच नंबरावर चालतो आणि विमा कंपनीही पहिल्यांदा तोच मागते. शिवाय बोर्डिंग पास आणि टॅगची चिठ्ठी, जी आपण टॅक्सीत बसता बसता चुरगळून टाकतो. मग खरेदीची बिलं. भाजणीचं बिल कुठून आणणार? घरच्या जात्यावर जीएसटी नसतो.

विम्याआधी विमान कंपनी गाठावी, कारण तिच्याकडून मिळालेले पैसे विमा कंपनी वजा करते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. मोडक्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत करायची, उशिरा मिळालेल्या बॅगेची हाती आल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवस उलटूनही आली नाही तर ती हरवली असं धरता येतं. डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे पावणेदोन-दोन लाखांच्या घरात. अर्थात नुकसान सिद्ध केलं तर. देशांतर्गत विमानात हाच आकडा २०,००० रुपये.

रेल्वेचं तर विचारूच नका. तिकिटासोबत ४५ पैशांत मिळणारा विमा जिवाचा आणि जखमांचा. सामान चोरीला गेलं तर त्यात काही नाही. प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातली रोकड चोरीला गेली म्हणून रेल्वेला जबाबदार धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ मध्ये म्हटलंय.

विमा कंपनीने क्लेम नाकारला आणि लेखी तक्रारीलाही दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. लोक तिथवर जात का नाहीत, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

मावशीची बॅग चौथ्या दिवशी आली, लाडू शाबूत. तिच्या पॉलिसीत बॅगेला १२ तासांहून जास्त उशीर झाला तर पैसे होते, म्हणून मी हौसेने फॉर्म भरायला बसलो. रकाना होता, दरम्यान केलेल्या आवश्यक खरेदीची बिलं. मावशीने चार दिवस लेकीचे गाऊन घातले होते. खरेदी शून्य.

'उगाच कशाला डॉलर घालवायचे,' म्हणाली.