स्वतःहून पाण्यात खचतं, पोटात समुद्र घेतं आणि रणगाडे बाहेर सोडतं! 'आयएनएस जलाश्व' हे जहाज नेमकं चालतं कसं?

८ मे २०२०. कोरोनामुळे विमानं बंद होती आणि मालदीवमधली हॉटेलं ओस पडली होती. कामधंद्यासाठी तिकडे गेलेले शेकडो भारतीय मालेच्या बंदरावर रांगेत उभे होते. त्यांना न्यायला आलं होतं भारतीय नौदलाचं एक राखाडी, बोजड, चौकोनी खोक्यासारखं जहाज. १० मे रोजी सकाळी ते कोचीला लागलं, तेव्हा त्यातून ६९८ माणसं उतरली. त्यात १९ गरोदर महिला होत्या.

आता तुम्ही म्हणाल, युद्धनौकेत एवढी माणसं मावली कशी? विनाशिका किंवा फ्रिगेटवर ते खरंच जमलं नसतं. तिथली बरीचशी जागा क्षेपणास्त्रं, रडार आणि इंजिनांनी खाल्लेली असते. पण मालेला गेलेलं जहाज होतं 'आयएनएस जलाश्व'. त्याची रचनाच मुळात सुमारे १,००० सैनिक, त्यांचे रणगाडे, ट्रक आणि रसद परक्या किनाऱ्यावर नेऊन उतरवण्यासाठी केलेली आहे. अशा जहाजाला 'लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक' म्हणजेच 'एलपीडी' म्हणतात. या प्रकारातलं भारताकडे असलेलं हे एकमेव जहाज.

नावाचीही गंमत आहे. जलाश्व म्हणजे पाण्यातला घोडा, आपल्या मराठीत पाणघोडा. जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे वावरणारा, अवाढव्य आणि मोठ्या तोंडाचा प्राणी. फरक इतकाच की या पाणघोड्याचं तोंड मागच्या बाजूला आहे!

बंदर नसेल तर उतरायचं कुठे?

समजा, तुम्हाला ४० टनांचा रणगाडा एखाद्या बेटावर न्यायचाय. तिथे धक्का नाही, क्रेन नाही, किंवा धक्का शत्रूच्या ताब्यात आहे. मग दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग जुना. सपाट तळाचं जहाज सरळ वाळूवर चढवायचं, पुढचे दरवाजे उघडायचे आणि गाड्या बाहेर काढायच्या. भारताच्या 'शार्दूल' वर्गाची जहाजं हेच करतात. यात अडचण अशी की किनाऱ्याला टेकलेलं जहाज हलू शकत नाही आणि शत्रूला समोर बसलेलं सावज मिळतं. शिवाय सपाट तळामुळे खवळलेल्या समुद्रात ही जहाजं जाम हेलकावे खातात.

दुसरा मार्ग जलाश्वचा. मोठं जहाज किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातच थांबतं. त्याच्या पोटातून छोट्या सपाट होड्या निघतात, त्यांना लँडिंग क्राफ्ट म्हणतात. त्या रणगाडे घेऊन किनारा गाठतात, रिकाम्या होऊन परत येतात आणि पुन्हा भरून निघतात.

पण भरलेला रणगाडा होडीत बसवून ती होडी भर समुद्रात पाण्यावर सोडायची कशी? क्रेनने उचलायची म्हटलं तर लाटांवर दोन्ही जहाजं हलत असतात. इथेच या जहाजाची खरी करामत सुरू होते.

पोटातला हौद

जलाश्वच्या मागच्या भागात एक मोठा हौद आहे, त्याला 'वेल डेक' म्हणतात. लांबी साधारण ५० मीटर, रुंदी १५ मीटर. त्यात चार लँडिंग क्राफ्ट उभ्या राहतात आणि प्रत्येकीवर एक रणगाडा मावतो. प्रवासात हा हौद कोरडा असतो, त्यामुळे गाड्या होड्यांवर आरामात चढवता येतात.

किनारा जवळ आला की जहाजाच्या तळातल्या बॅलास्ट टाक्यांच्या झडपा उघडतात. समुद्राचं पाणी आत घुसतं, वजन वाढतं आणि जहाजाची मागची बाजू हळूहळू खाली बसू लागते. मग मागचा अजस्र दरवाजा खाली उघडतो आणि समुद्र थेट जहाजाच्या पोटात शिरतो. आतल्या होड्या आपोआप तरंगायला लागतात आणि इंजिन सुरू करून बाहेर पडतात. काम झालं की टाक्यांमधलं पाणी दाबाखालच्या हवेने बाहेर ढकलायचं. जहाज पुन्हा वर येतं, हौद कोरडा होतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण पाण्याने भरलेली परात हातात घेऊन चालून बघा. पाणी एका बाजूला गेलं की परात त्याच बाजूला आणखी कलते. जहाजाच्या पोटात मोकळं पाणी असलं की हाच धोका असतो. म्हणून कुठल्या टाकीत किती पाणी घ्यायचं, लाटा कुठून येतायत आणि जहाज किती कललंय यावर सतत नजर ठेवावी लागते. हेलकाव्यात होड्या भिंतींवर आपटतात, त्या धक्क्यासाठी आतून लाकडी फळ्या ठोकलेल्या असतात. पोलादाच्या युद्धनौकेत अजूनही लाकूड लागतं, ते असं.

आणखी एक डोकं सामान भरताना लावावं लागतं. घर बदलताना टेम्पोत पहिल्यांदा टाकलेली वस्तू शेवटी निघते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. इथेही तेच. जे किनाऱ्यावर सर्वांत आधी लागणार, ते सगळ्यात शेवटी चढवायचं. लढाईत दारूगोळ्याआधी तंबू उतरला तर माणसं मरतात, म्हणून भरणीचा आराखडा आधीच आखलेला असतो.

हौदाच्या वर हेलिकॉप्टरचा डेक आहे. होड्या खालून आणि हेलिकॉप्टर वरून, असं दोन्हीकडून सैन्य उतरवता येतं.

हे जहाज आलं कुठून?

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आपल्या नौदलाने अंदमान, श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियापर्यंत मदत पोहोचवली. पण उद्ध्वस्त किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात सामान उतरवणारं मोठं जहाज आपल्याकडे नाही, हेही तेव्हा प्रकर्षाने जाणवलं.

त्याच सुमारास अमेरिका 'यूएसएस ट्रेंटन' निवृत्त करत होती. १९७१ पासून सेवेत असलेलं, वाफेच्या टर्बाइनवर चालणारं, सुमारे १७,००० टनांचं जहाज. १९९१ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत यादवी पेटली, तेव्हा अमेरिकी दूतावासातल्या लोकांना सोडवायला निघालेली पहिली दोन हेलिकॉप्टरं याच जहाजावरून उडाली होती. भारताने ते जवळपास ४.८ कोटी डॉलरना घेतलं, सोबत सहा सी किंग हेलिकॉप्टरंही वेगळी किंमत मोजून घेतली. २२ जून २००७ रोजी अमेरिकेतल्या नॉरफोकला ते 'जलाश्व' म्हणून नौदलात दाखल झालं.

सौद्यावर टीकाही झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. कॅगने २००८ च्या अहवालात खरेदीआधीच्या तपासणीवर बोट ठेवलं. जहाजाच्या आक्रमक वापरावर बंधन आणि अमेरिकेला तपासणीची मुभा, या अटींवरही आक्षेप घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जहाजावर हायड्रोजन सल्फाइड वायूची गळती होऊन नौसैनिकांचा जीव गेला. बंद जागेत साचलेल्या घाणीतून तयार होणारा हा वायू आपल्याकडे गटार साफ करणाऱ्यांचेही बळी घेतो. वास येतो म्हणून सावध होऊ म्हणावं, तर प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं.

तरीही माझ्या मते नौदलाला हा सौदा उपयोगीच पडला. २०२० च्या 'समुद्र सेतू' मोहिमेत जलाश्व आणि इतर तीन जहाजांनी मिळून मालदीव, श्रीलंका आणि इराणमधून ३,९९२ भारतीयांना परत आणलं. आणि एवढी मोठी, गुंतागुंतीची मोहीम कशी चालवायची, हे आपले नौसैनिक याच जहाजावर शिकले.

नवी जहाजं किती वेगळी?

२०२४ मध्ये विशाखापट्टणमजवळ भारत-अमेरिकेचा 'टायगर ट्रायम्फ' सराव झाला. जलाश्वसोबत तिथे 'यूएसएस सॉमरसेट' होतं. ते 'सॅन अँटोनियो' वर्गातलं, म्हणजे ट्रेंटनच्या पुढच्या पिढीतलं. लांबी २०८ मीटर, वजन २५,००० टनांच्या आसपास. याच्या भिंती तिरक्या आहेत, त्यामुळे रडारच्या लहरी आल्या दिशेने परत न जाता भलतीकडे वळतात आणि जहाज आहे त्यापेक्षा लहान दिसतं. हौदात साध्या होड्यांबरोबरच हवेच्या गादीवर धावणारी होवरक्राफ्टही मावतात. ती पाण्यावरून थेट वाळूवर चढतात, भरती-ओहोटीची वाट बघत बसत नाहीत.

या हौदाचा एक भन्नाट वापर ११ डिसेंबर २०२२ रोजी दिसला. नासाच्या आर्टेमिस-१ मोहिमेचं ओरायन यान चंद्राला वळसा घालून प्रशांत महासागरात पडलं. त्याला दोराने ओढून याच वर्गातल्या 'यूएसएस पोर्टलंड'च्या हौदात घेतलं आणि पाणी काढल्यावर यान अलगद खाली टेकलं.

एक कमजोरी मात्र नव्या जहाजांतही आहे. स्वतःच्या बचावासाठी त्यांच्याकडे फारशी शस्त्रं नसतात, विनाशिका सोबत लागतातच. फेब्रुवारी २०२४ मध्ये युक्रेनने स्फोटकं भरलेल्या छोट्या मानवरहित बोटींनी काळ्या समुद्रात रशियाचं 'त्सेझार कुनिकोव्ह' हे लँडिंग जहाज बुडवलं. तेव्हापासून किनाऱ्याच्या किती जवळ जायचं, हा प्रश्न सगळ्याच नौदलांना नव्याने सोडवावा लागतोय.

भारताने चार नव्या एलपीडींसाठी काढलेली निविदा बरीच वर्षं रखडून २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२१ मध्ये कंपन्यांकडून पुन्हा माहिती मागवण्यात आली. सोबत आलेली सी किंग हेलिकॉप्टरं २०२४ मध्ये निवृत्त झाली. जलाश्वने मात्र पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे.