चिमणीनं दार लगेच का उघडलं नाही?

रत्नागिरीत कावळा-चिमणीची गोष्ट सांगताना पाऊस मुद्दाम आणावा लागत नाही. जून ते सप्टेंबर तो बाहेर हजरच असतो. कौलांवर धो धो चाललेलं असतं, वीज गेलेली असते आणि आजी सांगत असते, की कावळ्याचं घर होतं शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं. पुढचं आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

गोष्ट संपल्यावर मुलालाच म्हणून पाहा, "आता तू मला सांग." तीन वर्षांचं मूल बहुधा सुटे तुकडे सांगेल: पाऊस आला, टकटक केलं, बाळ झोपलं. चार वर्षांचं मूल ते तुकडे 'मग... मग' करत ओळीनं लावेल. पाच-सहा वर्षांचं म्हणेल, "घर वाहून गेलं म्हणून कावळा चिमणीकडे गेला. त्याला आत यायचं होतं." वयं थोडी मागेपुढे होतात. पण 'मग'च्या जागी 'म्हणून' येणं ही भाषेच्या वाढीतली मोठी घटना आहे. पहिल्या शब्दाचं घरभर कौतुक होतं, या 'म्हणून'कडे मात्र कुणाचं लक्षही जात नाही.

गोष्टीला सांगाडा असतो आणि आपण त्याच्या आधारानं ती लक्षात ठेवतो, हे मानसशास्त्रात बऱ्याच काळापासून माहीत आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा वाचायला दिली आणि काही काळानं ती आठवून सांगायला लावली. जे ओळखीच्या साच्यात बसेना, ते वाचकांनी नकळत गाळलं किंवा बदललं. 1932 साली त्यांनी हे पुस्तकरूपानं मांडलं. पुढे 1979 मध्ये स्टाइन आणि ग्लेन या अभ्यासकांनी मुलांच्या गोष्टींचे भाग वेगळे करून दाखवले. आपल्या गोष्टीला ते लावले तर असं दिसतं: कावळा आणि चिमणी शेजारी राहतात. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. कावळा घाबरतो, त्याला निवारा हवा असतो. तो दार ठोठावतो. चिमणी आधी बाळाचं सगळं आवरते, मग दार उघडते. आणि शेवटी दोघांना काहीतरी वाटतं.

यातले 'कावळा घाबरतो' आणि 'दोघांना काहीतरी वाटतं' हे दोन भाग लहान मुलं सांगताना सर्वांत जास्त गाळतात. कारण सरळ आहे. पाऊस दिसतो, दार दिसतं, पण कावळ्याचं मन दिसत नाही. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही समज साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास पक्की होऊ लागते. नेमक्या याच वयात आपण विचारतो काय, तर "तात्पर्य काय?" माझ्या मते हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. तात्पर्य मुलाला पोपटासारखं म्हणता येतं. कावळा का घाबरला, हे मात्र त्याला स्वतः शोधावं लागतं.

हा शोध पुढे वाचनात उपयोगी पडतो. शाळेत जाण्याआधी गोष्ट नीट सांगता येणं आणि नंतर वाचलेलं समजणं यांचा संबंध दीर्घकालीन अभ्यासांत दिसला आहे. धडा घडाघडा वाचणारं, पण "काय झालं त्यात?" म्हटल्यावर गप्प होणारं मूल शिक्षकांना चांगलं ठाऊक असतं. तिथे अडचण अक्षरांची नसते.

त्यासाठी वर्कशीट नको. दोन करवंट्या पालथ्या घाला, झाली दोन घरं. एक मूल कावळा, एक चिमणी. मध्येच थांबून एखादाच प्रश्न विचारा: "आता कावळ्याला काय वाटत असेल?" दहा प्रश्न विचारलेत तर गोष्टीची परीक्षा होते आणि मूल उठून जातं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला हाताशी असलेल्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं. वाडीवस्तीच्या अंगणात शाळा नेण्याची, म्हणजे 'अंगणवाडी'ची कल्पनाही तिथलीच.

आणखी एक. मूल संगमेश्वरी बोलीत गोष्ट सांगत असेल तर मध्ये शब्द सुधारू नका. अनेक भाषांमधल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतून दिसतं, की गोष्टीचा सांगाडा एका भाषेत पक्का झाला की दुसऱ्या भाषेतही बराचसा कामी येतो. इंग्रजी माध्यमात घातलं म्हणून आजीची गोष्ट बंद करण्याचं काही कारण नाही.

मात्र पाच वर्षांचं मूल रोजच्या ऐकण्यातली गोष्टही दोन-तीन वाक्यांत सांगू शकत नसेल, साध्या सूचना समजायला अडखळत असेल, किंवा परक्या माणसाला त्याचं बोलणं कळत नसेल, तर "लाजाळू आहे, बोलेल हळूहळू" म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकणं मंद होतं आणि घरच्यांना ते कळतही नाही. ऐकणं ठीक असूनही भाषा मागे राहते, अशी मुलंही असतात. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या पाहण्यांत त्यांचं प्रमाण शंभरात सुमारे सात आढळलं. याला वाचा-भाषा उपचारांचा उपयोग होतो आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषाविकासातला विलंबही तपासला जातो. अंगणवाडीतल्या मुलांसाठी ही तपासणी वर्षातून दोनदा ठरलेली आहे. पथक येईल त्या दिवशी सेविकेला आधी सांगून ठेवावं, की याचं बोलणं जरा पाहा.

आता चिमणीनं दार लगेच का उघडलं नाही? कुणी म्हणेल, बाळ रडत होतं. कुणी म्हणेल, कावळा अंडी खातो म्हणून ती घाबरली. आणि एखादं म्हणेल, मे महिन्यात मेणाचं घर वितळेल, तेव्हा चिमणी जाईल कुठे? तिथून पुढची गोष्ट त्यालाच सांगू द्या.